उंदरानं खाल्लेला समुद्र

रात्री साडेअकराला, भांडी आवरून,
लॅपटॉप ओट्यावर, मिसळणाच्या डब्याला टेकवून,
मी तो लावला.
नाव कधीच ठाऊक नव्हतं.
मासा, छत्री, जिने, व्हायोलिन
एवढंच टाकत राहिले तीन आठवडे,
आणि सापडला शेवटी कुठल्याशा परदेशी संग्रहात,
धुऊनपुसून ठेवलेला.
आमचा मासा तपकिरी होता.
हा हिरवा आहे.

वडाळ्याला, गोदी कामगारांच्या वसाहतीत
दर शनिवारी हॉलमध्ये सतरंज्या पडायच्या.
कॅरमचे बोर्ड भिंतीला टेकवून उभे,
समोर चादर, चादरीवर इस्त्रीचा डाग.
हिंदळेकर आठवडाभर क्रेन चालवायचे,
शनिवारी प्रोजेक्टर.
तीनच रिळं होती: दात घासा, धरण बांधा, आणि हा.
दात आणि धरण आम्ही सोसायचो.

मासा कारंज्यातून बाहेर यायचा, टोपी सारखी करायचा,
छत्री उघडायचा
आणि समुद्र विचारत निघायचा.
शब्द एकही नाही. सगळं वाद्यांत.
व्हायोलिनं चढू लागली की जिने उगवायचे,
थांबली की जिना अर्धाच, मासा हवेत.
एक मोठं वाद्य होतं, खालच्या सुरातलं,
हेमू त्याला आजारी म्हैस म्हणायचा.
ते वाजलं की घरांच्या सावल्या लांबायच्या
आणि मी हेमूचा शर्ट धरायचे.
असल्या संगीताला शास्त्रीय म्हणतात
हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.
कळायचं मात्र सगळं.

समुद्र आमच्याही भिंतीपलीकडेच होता.
गोदीची भिंत, वर काचा.
वास यायचा, भोंगे यायचे,
बाबांच्या बुटांवर मीठ यायचं.
तो मात्र दिसायचा नाही.

आणि मासा शेवटच्या जिन्यावर पोचला, की नेमका
आवाज मरायचा.
तिथून पुढे रिळाची कड कुरतडलेली.
उंदीर, असं हिंदळेकर म्हणायचे,
जणू त्या उंदराला ते ओळखत होते.
चित्र चालू, प्रोजेक्टरची खरखर चालू,
आणि मागून, अंधारातून, हिंदळेकरांची शीळ.
चाल कुठली, देव जाणे.
दशावतारातली असेल,
रातपाळीला क्रेनवर एकट्यानं जमवलेली असेल.
दर शनिवारी थोडी निराळी,
शेवट तेवढा तोच,
एक लांब सूर, सावकाश खाली उतरणारा,
त्याच्या टोकाशी मासा टोपी काढायचा
आणि पाण्यात शिरायचा.

आज तो जिन्यावर पोचला.
मी ठिबकता नळ घट्ट केला.
आणि तुताऱ्या! नगारे, झांजा, शंभर माणसं एकदम,
कुणी राजा यावा तसा समुद्र.
असेल, तसंच असेल. रचणाऱ्यानं असंच रचलं असणार,
उंदीर नंतर आला.
मागे नेऊन पुन्हा ऐकलं.
सुंदर आहे, खोटं कशाला बोलू.
तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणीही आलं, पण ते
दुसऱ्याच कुणाच्या तरी लहानपणाचं.
चौथ्यांदा आवाज बंद केला.
मुका मासा. मुका समुद्र. फ्रिज तेवढा घरघरतोय.

शीळ मला येत नाही.
मुलींनी घालायची नसते म्हणून शिकले नाही,
हेमू शिकला, जिन्यात बसून, ओठ फुटेपर्यंत.

पावणेबाराला पनवेलला फोन लावला.
"कोण गेलं?" हेमूनं विचारलं.
"कुणी नाही. मासा जिन्यावर आहे.
शीळ घाल."
पलीकडे खाट करकरली. दिवा लागल्याचा खटका.
त्यानं काही विचारलं नाही.
"कवळी काढलीये गं," एवढंच म्हणाला.
मी बटण दाबलं.

सूर नाहीच आला. नुसती हवा.
पण हवा बरोबर जागी वळली,
बरोबर जागी थांबली,
मग लांब, सावकाश,
खाली उतरू लागली.

"पोचला?" दम लागला होता त्याला.
"थांब," म्हटलं,
"टोपी काढतोय."